उमेदवारी की विद्यापीठ?
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



व्याख्यान देणे हा आमचा व्यवसाय नव्हे. आमचे आयुष्य रुग्णालयाच्या वॉर्डात गेले. प्रथम विद्यार्थिनी, मग अधिपरिचारिका, पुढे परिसेविका आणि अखेरची बरीच वर्षे पाठ्यनिर्देशिका म्हणून आम्ही चाकरी केली व निवृत्त झालो. तेव्हा आमच्याकडून अलंकारिक भाषणाची अपेक्षा न ठेवता, घरातल्या वडीलधाऱ्या बाईने चार गोष्टी सांगाव्यात तशा त्या ऐकून घ्याव्यात, अशी आरंभीच विनंती आहे.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की ज्ञातीतील दहापाच कुटुंबांतून आम्हांस विचारणा होते. प्रश्न बहुधा एकच असतो. मुलीला, आणि आताशा मुलालाही, परिचर्येच्या व्यवसायात घालावयाचे आहे. तर रुग्णालयात शिकावयास ठेवावे की विद्यापीठाच्या पदवीसाठी कॉलेजात पाठवावे? विचारणाऱ्यांच्या मनात उत्तर ठरलेलेही असते. ज्यांची ऐपत आहे त्यांना पदवीच हवी असते. ज्यांची नाही ते ओशाळून विचारतात की, पदवी नसली तर मुलीचे काही वाईट तर होणार नाही ना? या ओशाळेपणाविषयी आम्हांस विशेषेकरून बोलावयाचे आहे.

वास्तविक उमेदवारी हा शब्द आपल्याला परका नाही. आपला पिढीजात व्यवसाय शिवणकामाचा. आमच्या वडिलांचे साताऱ्यास लहानसे दुकान होते. त्यांच्या हाताखाली जो मुलगा येई, त्याला पहिले वर्ष काज-बटण आणि तुरपाई यांपलीकडे काही करू दिले जात नसे. दुसऱ्या वर्षी तो मशीनवर बसे. कात्री मात्र त्याच्या हाती फार उशिरा पडे. आणि ती देण्यापूर्वी वडील त्याला कापडाचा उभा धागा, आडवा धागा आणि उरेब यांचा भेद समजावून सांगत. उरेब कापलेले कापड ताणते, उभ्या धाग्याचे ताणत नाही, हे ज्याला कळले नाही त्याने माप कितीही अचूक घेतले तरी बाही वाकडी पडते. हात बसणे ही एक गोष्ट आणि कापड कळणे ही दुसरी. दोन्हींवाचून कारागीर होत नाही, हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. उमेदवारीला त्यांनी कधी हलके लेखले नाही. मात्र उमेदवारीच्या नावाखाली मुलाला जन्मभर काज-बटणावर बसवून ठेवणाऱ्या मालकाला त्यांनी चांगलेही म्हटले नाही. आज जे सांगावयाचे आहे त्याचा सारांश या दोन वाक्यांतच आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. आधुनिक परिचर्येचे शिक्षण हे मुळात उमेदवारीच होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जी शाळा निघाली, तिच्यातील मुली रुग्णालयातच राहत, वॉर्डात काम करीत आणि काम करता करता शिकत. हीच पद्धत आपल्याकडे आली. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे कार्य सुरू झाले आणि त्या संस्थेने विधवा व निराधार भगिनींना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळण्याची सोय केली. पांढरपेशा घरातील स्त्रीने परपुरुषाच्या खाटेजवळ उभे राहून त्याची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना असह्य वाटे. तरीही त्या भगिनी शिकल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्यांच्यापाशी पदवी नव्हती.

विद्यापीठाची वाट आपल्या देशात १९४६ साली उघडली. त्या वर्षी दिल्लीस व वेल्लोरला परिचर्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली आणि राज्यातील परिचर्या महाविद्यालये त्याच्या छत्राखाली येत गेली. म्हणजे आज आपल्या मुलांपुढे ज्या दोन वाटा दिसतात त्यांपैकी एक दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि दुसरी पाऊणशे वर्षांहून थोडी अधिक. एक पायवाट आणि एक राजरस्ता, असे कोणी समजू नये.

आता या वाटा आज कशा आहेत ते पाहू. रुग्णालयाशी जोडलेल्या शाळेतून मिळणारी पदविका, जिला सर्वजण जी.एन.एम. म्हणतात, ती तीन वर्षांची आहे. तिला बारावी लागते. विज्ञान शाखा असल्यास उत्तम, परंतु कला वा वाणिज्य शाखेच्या मुलांनाही ती बंद नाही. बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची असून तिला बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात. पदविकेची मुलगी कॉलेजात जात नाही आणि पदवीची मुलगी वॉर्डात जात नाही, असा जो समज आहे तो चुकीचा आहे. दोघींनाही शरीरशास्त्र शिकावे लागते, दोघींनाही खाटेशी उभे राहावे लागते. पूर्वीची निखळ उमेदवारी आता राहिलेली नाही. भेद आहे तो प्रमाणाचा.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे आणि ती फार थोड्या पालकांस माहीत असते. पदविका घेऊन बाहेर पडलेली मुलगी आणि पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलगी, या दोघींची नावे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका म्हणूनच लागतात. नोंदणी एकच आहे. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेच्या जागेसाठी दोघींनाही अर्ज करता येतो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पदवीधरास थेट अर्ज करता येतो, तर पदविकाधारकास निदान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. फरक आहे, नाही असे नाही. पण तो दोन वर्षांच्या अनुभवाने भरून निघणारा आहे. शिवाय पदविकेच्या मुलीस पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा अभ्यासक्रम करून पदवी मिळविता येते आणि तेथून एम.एस्सी.कडेही जाता येते. वाट लांबते खरी, पण तुटत नाही.

मग ओशाळण्याचे कारण काय? स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमा असावी, पण कारण आपल्या वधूवर-सूचीत आहे. त्या सूचीत नावापुढे 'शिक्षण' असे एक सदर असते आणि त्यात 'पदवीधर' हा शब्द नसेल तर पान उलटले जाते. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी मुलीच्या पदवीसाठी कर्ज काढले. मुलीची इच्छा लवकर कमावती होऊन धाकट्या भावाला शिकविण्याची होती. तिला कोणी विचारले नाही. ती आज उत्तम काम करीत आहे, यात संशय नाही. परंतु ते कर्ज अद्याप फिटलेले नाही आणि भावाचे शिक्षण मध्येच राहिले. विद्येसाठी कर्ज काढणे हा दोष नव्हे. ते लग्नाच्या बाजारासाठी काढावे आणि त्याला विद्येचे नाव द्यावे, हा दोष आहे.

आता कोणी म्हणेल की, स्वतः पदविकेच्या वाटेने गेलेल्या बाईने तिची बाजू घ्यावी यात नवल ते काय? म्हणून आमच्या शिक्षणातील एक उणीवही येथे सांगणे प्राप्त आहे.

आम्ही १९७४ साली जुनी अकरावीची मॅट्रिक होऊन एका रुग्णालयाच्या शाळेत दाखल झालो. विद्यावेतन मिळे, राहण्याजेवण्याची सोय होती आणि त्यामुळेच आम्हांस शिकता आले. काम पुष्कळ असे. रात्रपाळीला एका मोठ्या वॉर्डात विद्यार्थिनीच अधिक आणि शिकलेली सिस्टर एक, असा प्रकार असे. हात चांगला तयार झाला. हृदयविकाराच्या रुग्णांना डिगॉक्सिन नावाची गोळी देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि ती ६० पेक्षा कमी असल्यास गोळी न देता वरिष्ठांस कळवावे, हा नियम आम्हांस पक्का पाठ होता. असे का करावयाचे, ते आम्ही कधी विचारले नाही आणि कामाच्या गर्दीत कोणी सांगितलेही नाही.

एका संध्याकाळी एका वृद्ध गृहस्थांची नाडी आम्ही मोजली. ती ७२ भरली. नियमात बसत होती, म्हणून गोळी दिली. ते म्हणाले, "बाई, दोन दिवस अन्नावर वासना नाही, मळमळते, आणि हा दिवा मला पिवळा पिवळा दिसतो आहे." आम्ही त्यांची समजूत घातली आणि पुढच्या खाटेकडे वळलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परिसेविकाबाईंनी तेच शब्द ऐकले आणि त्या तत्काळ डॉक्टरांकडे गेल्या. औषध अंगात साचून विषबाधा होऊ लागली की भूक जाते, मळमळते, वस्तू पिवळ्या दिसतात. नाडी मंद झालेली असेलच असे नाही. गोळी बंद झाली, उपचार झाले आणि ते गृहस्थ वाचले. ते वाचले नसते तर त्या मृत्यूची कोठेही नोंद आमच्या नावावर झाली नसती. पण आम्हांस मात्र तो जन्मभर पुरला असता.

त्या दिवशी आम्हांस उरेबाची आठवण झाली. माप बरोबर होते, कापड कळले नव्हते. पुढे नोकरी करीत असता १९८३ साली आम्ही पोस्ट बेसिक पदवीच्या अभ्यासक्रमास गेलो, त्याचे मूळ त्या संध्याकाळी आहे. औषध शरीरात कसे जाते, मूत्रपिंडे थकली असता ते बाहेर का पडत नाही, म्हाताऱ्या माणसाला तीच मात्रा अधिक का होते, हे सर्व तेथे शिकलो आणि मागील कित्येक रुग्णांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. विद्यापीठ जे देते ते हे. त्याची किंमत आम्ही कमी करणार नाही.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. पाठ्यनिर्देशिका असताना आमच्या हाताखाली पदवीची एक अत्यंत हुशार विद्यार्थिनी होती. अर्धांगवायूच्या एका बाईंची शुश्रूषा तिच्याकडे होती. तिने लिहिलेला शुश्रूषेचा आराखडा इतका सुरेख होता की आम्ही तो वर्गात वाचून दाखविला. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, सर्व काही त्यात होते. त्याच दुपारी वॉर्डातल्या एका जुन्या, पदविकेच्या सिस्टरने चादर नीट करण्याच्या निमित्ताने त्या बाईंच्या पाठीखाली हात सरकविला आणि माकडहाडावर ऊन लागणारी लाल जागा तिला बोटांनी कळली. शय्याव्रणाचा तो आरंभ होता. आराखड्यात हात घालावयाचे राहिले होते. त्या विद्यार्थिनीने ते मनास लावून घेतले, त्या सिस्टरच्या मागे मागे फिरून शिकली आणि आज ती स्वतः शिकविते, हे येथे मुद्दाम सांगतो.

सारांश, केवळ हाताने भागत नाही आणि केवळ पुस्तकाने भागत नाही. ज्या वाटेने मूल जाईल, तिच्यात जे उणे पडते ते त्याने दुसरीकडून भरून घेतले पाहिजे.

परदेशातही हा प्रश्न याच रूपाने आहे. आपल्या काही ज्ञातिबांधवांची मुले इंग्लंडात वाढत आहेत आणि तेथूनही आम्हांस विचारणा आली होती. इंग्लंडने १८६० ची ती उमेदवारी हळूहळू सोडली आणि २०१३ पासून नवीन परिचारिकेस पदवी आवश्यक केली. पुढे २०१७ साली तेथे पदवी-उमेदवारीचा मार्ग सुरू झाला. त्यात उमेदवारास रुग्णालय नोकरीवर घेते, पगार देते, विद्यापीठाची फी त्याच्याकडून घेतली जात नाही आणि नोकरी करता करता तो तीच पदवी मिळवितो. अभ्यास व प्रत्यक्ष काम मिळून ४६०० तास भरावे लागतात, निम्मे निम्मे; आणि ते पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यासही तितकेच. अखेरीस दोघांची नावे एकाच नोंदणीपुस्तकात लागतात. मात्र उमेदवारीच्या जागा थोड्या, आधी मालक मिळावा लागतो आणि नोकरी व अभ्यास एकत्र करताना जीव थकतो. ज्या देशाने पदवी सक्तीची केली त्यालाच पुन्हा उमेदवारीला पदवीच्या आत जागा द्यावी लागली, यावरून आपण काय ते समजावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आज मुख्यतः उभे राहिलो, तिच्याकडे येतो. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो, कारण तिच्यात अपराधाचा वाटा आमचाही आहे.

आमच्या नात्यातील एक मुलगी बारावीनंतर एका लहान खाजगी रुग्णालयात 'शिकावयास' लागली. तिच्या आईने आमचा सल्ला विचारला होता. आम्ही म्हणालो, "ठेवा, हाताला वळण पडेल, पुढचे पुढे पाहू." ते पुढचे कोणीच पाहिले नाही. मुलगी गुणी होती. वर्षभरात सलाईन लावू लागली, दोन वर्षांत शस्त्रक्रियेच्या खोलीत उभी राहू लागली. रुग्ण तिला सिस्टर म्हणत, तिच्या अंगावर पांढरा गणवेश असे. पगार अल्प होता, पण शिकते आहे म्हणून कोणी बोलत नसे. अशी आठ वर्षे गेली. मग ते रुग्णालय बंद पडले. ती दुसऱ्या मोठ्या ठिकाणी मुलाखतीस गेली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "नोंदणी प्रमाणपत्र कोठे आहे?" तिच्यापाशी अनुभवाचे एक पत्र होते. आठ वर्षांची विद्या हातात असून कायद्याच्या दृष्टीने ती कोणीच नव्हती. आमच्याकडे येऊन ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "आत्या, हे तुम्हांला ठाऊक होते ना?"

होय, आम्हांस ठाऊक होते. राज्यात परिचारिकांचा कायदा १९६६ पासून आहे, आणि नोंदणीवाचून परिचारिका होता येत नाही, हे आम्हीच वर्षानुवर्षे विद्यार्थिनींना शिकवीत आलो होतो. नात्यातल्या मुलीच्या बाबतीत मात्र आम्ही गाफील राहिलो. पुढे तिने आपल्याहून आठदहा वर्षांनी लहान मुलींच्या बाकावर बसून पदविका पूर्ण केली. तिचा हात तिच्या शिक्षिकांपेक्षाही सराईत होता. आज ती नोंदणीकृत परिचारिका आहे. पण तिची ती आठ वर्षे परत आणून देणे कोणाच्याही हाती नाही.

ज्ञातिबांधवहो, खरी निवड ही उमेदवारी आणि विद्यापीठ यांमधली नव्हे. ज्या शिक्षणाच्या अखेरीस नोंदणी आहे आणि ज्याच्या अखेरीस ती नाही, त्यांमधली ती निवड आहे. नोंदणीकडे नेणारी उमेदवारी ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. नोंदणीकडे न नेणारी उमेदवारी म्हणजे जन्मभराचे काज-बटण.

ही गोष्ट केवळ परिचर्येची नाही. औषधांच्या दुकानात दहा वर्षे काम केलेला मुलगा औषधांची नावे डॉक्टरांपेक्षा भरभर सांगतो; परंतु १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली नाव नोंदल्यावाचून तो औषधनिर्माता होत नाही. त्यासाठी निदान दोन वर्षांची पदविका आणि तीनएक महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष काम लागते, आणि ती पदविका असली तर पुढे बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह यांतील तंत्रज्ञांसाठी संसदेने २०२१ साली स्वतंत्र कायदा केला. त्यात संलग्न आरोग्य-व्यावसायिकाचे शिक्षण निदान २००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांचे असावे असे म्हटले आहे. सहा महिन्यांत तंत्रज्ञ करून देतो अशा ज्या पाट्या गावोगाव लागलेल्या दिसतात, त्यांच्यापुढे उभे राहून हा आकडा आठवावा. तसेच १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात करारपत्र आहे, त्या कराराची नोंद आहे आणि विद्यावेतन आहे. ज्या ठिकाणी यांपैकी काहीच नाही, तेथे 'शिकाऊ' हा शब्द केवळ पगार कमी देण्यासाठी वापरला जात आहे, असे समजण्यास हरकत नाही.

म्हणून पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिला, या शिक्षणाच्या अखेरीस मुलाचे नाव कोणत्या परिषदेच्या नोंदणीपुस्तकात लागेल, आणि या संस्थेला त्या परिषदेची मान्यता आजच्या तारखेस आहे काय? मान्यतेचा कागद पाहावा, तोंडी शब्दावर जाऊ नये. दुसरा, मूल प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात करणार, तेथे खाटा किती आणि त्यांवर रुग्ण किती? इमारत पाहून परत येऊ नये. सकाळी नऊ वाजता वॉर्डात जाऊन पाहावे. तिसरा, येथून पुढची वाट कोणती? आणि चौथा, सर्व खर्च धरून आपल्या घरास झेपणारे काय आहे, आणि शिकून झाल्यावर तेथेच नोकरी करण्याचे बंधन घातले जाते काय? ज्या मुलाला विज्ञानाची गोडी आहे, पुढे शिकविण्याची वा संशोधनाची इच्छा आहे आणि घराला चार वर्षे थांबता येते, त्याने खुशाल पदवीस जावे. ज्या घराला लवकर कमावता हात हवा आहे, किंवा ज्या मुलाने विज्ञान घेतलेले नाही, त्याने मान ताठ ठेवून पदविकेस जावे आणि पुढील पदवीचा विचार मनात जागा ठेवावा. आणि हे सर्व ठरविताना, ज्याला शिकावयाचे आहे त्यालाही एकदा विचारावे.

शेवटी कार्यकारी मंडळास एक विनंती करून आम्ही आटोपते घेतो. आपल्या संघाचा शिष्यवृत्ती निधी सध्या केवळ पदवी अभ्यासक्रमासाठी आहे आणि आजच्या या व्यासपीठावरही पदवीच्याच विद्यार्थ्यांचा सत्कार होत आहे. या मुलांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या ताटातले काही काढून घ्यावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु मान्यताप्राप्त व नोंदणीकडे नेणाऱ्या पदविकेच्या विद्यार्थ्यांस, आणि विशेषतः नोकरी करीत असता पुढची पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांस, हा निधी खुला करावा. त्यासाठी नियमात एका ओळीचा बदल पुरेल. ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावी, अशी आमची प्रार्थना आहे. आमच्याकडून आरंभ म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातून एक लहानशी रक्कम आज आम्ही खजिनदारांच्या स्वाधीन केली आहे. तिच्यासोबत आमचे नाव जोडू नये. जोडावयाचेच असेल तर, शिकाऊ मुलाच्या हाती कात्री देण्यापूर्वी ज्यांनी त्याला उभा आणि आडवा धागा समजावून सांगितला, त्या आपल्या जुन्या कारागिरांचे स्मरण म्हणून ती असावी.